अस्वलाच्या चिन्हाखाली

इंग्रजीतील 'इन' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. धर्मशाळा म्हणावे, तर तेथे हिशेब पुण्याचा असतो, पैशाचा नसतो. सराई म्हणावे, तर ती राजमार्गावरील चार भिंतींची सुरक्षित जागा. शिधा आणि सरपण उतारूने आपले आपण आणावयाचे. खाणावळ म्हणावे, तर तेथे पोट भरते, पण पाठ टेकायला जागा मिळत नाही. 'इन'मध्ये निवारा, अन्न, मद्य, घोड्यांची वैरण हे सारे होतेच. त्याखेरीज आणखी एक गोष्ट होती. मालक दारात उभा राहून उतारूचे पाहुण्यासारखे स्वागत करी, आणि सकाळी त्याच प्रसन्न मुद्रेने त्याच्यापुढे देण्याचा आकडा ठेवी. आतिथ्य आणि व्यापार एकाच उंबरठ्यावर खांद्याला खांदा लावून उभे असत. त्यांतील कोणी पुढे सरकावे आणि कोणी मागे राहावे, यावर त्या घराचे भवितव्य ठरे.

विल्टशर परगण्यातील डिव्हायझेस या बाजारगावी असे एक जुने घर आहे. त्याचे नाव 'बेअर', म्हणजे अस्वल. सोळाव्या शतकापासून या सराईचा उल्लेख सापडतो. दर्शनी खांबांवर एक काळे अस्वल बसविलेले आहे आणि त्याच्यासमोर गावाचा विस्तीर्ण बाजारचौक पसरलेला आहे. गावाचे नाव मूळ लॅटिन. त्याचा अर्थ सीमेवरील ठिकाण. बाराव्या शतकात सॉल्सबरीच्या रॉजर नावाच्या बिशपने येथे मोठा दुर्ग उभारला. सतराव्या शतकातील यादवीत गावाशेजारच्या राउंडवे टेकडीवर 13 जुलै 1643 रोजी राजपक्षाने संसदेच्या सैन्याची दाणादाण उडविली. पुढे दुर्गही पडला आणि त्याचे दगड गावातील घरांच्या भिंतींत मुरले. दुर्ग गेला, तरी बाजार राहिला. दर गुरुवारी धान्य, जनावरे, लोणी, लोकर घेऊन आसपासच्या खेड्यांतील माणसे या चौकात येत राहिली आणि अस्वलाच्या घराचे दार त्यांच्या येण्याजाण्याकडे पाहत राहिले.

या चौकात एक स्मारकस्तंभ आहे. 1814 साली लॉर्ड सिडमथ यांनी तो गावाला भेट दिला. हे गृहस्थ एकेकाळी गावाचे संसदेतील प्रतिनिधी होते आणि पुढे इंग्लंडचे पंतप्रधानही झाले. परंतु येणारा जाणारा थबकतो तो दात्याचे नाव वाचण्यासाठी नव्हे. स्तंभाच्या एका बाजूस रूथ पिअर्स नावाच्या स्त्रीची कथा कोरलेली आहे. ती जवळच्या पॉटर्न गावची. 25 जानेवारी 1753, गुरुवार, बाजाराचा दिवस. चार बायकांनी मिळून गव्हाचे एक पोते घेण्याचे ठरविले. प्रत्येकीने आपला वाटा द्यावयाचा. पैसे गोळा करणारीच्या हिशेबात थोडी तूट आली. रूथकडे विचारणा झाली, तेव्हा तिने आपला वाटा दिल्याचे शपथेवर सांगितले. दिला नसेल तर येथेच मरण येवो, असे म्हणाली. तेच वाक्य तिने पुन्हा उच्चारले आणि भरबाजारात ती कोसळून गतप्राण झाली. पैसे तिच्या मुठीतच सापडले.

गावच्या कारभाऱ्यांनी ही हकीकत दगडात कोरून घेतली, ती पुढच्या पिढ्यांनी खोट्या शपथेपासून सावध राहावे म्हणून. आज वाचणाऱ्याच्या मनात मात्र निराळे प्रश्न उभे राहतात. जानेवारीची थंडी, चौघींनी मिळून घ्यावे लागणारे एक पोते, आणि मुठीत घट्ट धरलेली ती नाणी. ज्या बाईला जिवापेक्षा ती नाणी सोडवत नव्हती, तिच्या घरी काय शिजत होते, याविषयी स्तंभ मौन पाळतो. बाजारगाव हिशेब ठेवते. हिशेबामागचे घर पाहण्याचे काम त्याने कधी आपले मानले नाही.

या हिशेबी चौकात 1773च्या सुमारास एक बेहिशेबी माणूस आला. त्याचे नाव टॉमस लॉरेन्स. धर्मोपदेशकाचा मुलगा, वकिलीची उमेदवारी अर्धवट सोडलेला, अबकारी खात्यात नोकरी केलेला, आणि ब्रिस्टल शहरात सराईचा धंदा करून हात पोळून घेतलेला. पत्नी ल्यूसी ही टेनबरीच्या धर्मोपदेशकाची कन्या. घरच्यांचा विरोध पत्करून तिने याच्याशी लग्न केले होते. या दांपत्याला सोळा अपत्ये झाली आणि त्यांतील बहुतेक लहानपणीच दगावली. जगलेल्यांत सर्वांत धाकट्या मुलाचे नाव बापाचेच, टॉमस. जन्म ब्रिस्टलचा, 1769च्या एप्रिलातला. 'बेअर'ची चावी बापाने हाती घेतली, तेव्हा हा मुलगा चार वर्षांचा होता.

धंद्याच्या दृष्टीने जागा नामी होती. लंडनहून बाथला जाणारा रस्ता डिव्हायझेसवरून जाई. बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. संधिवाताने जखडलेले सरदार, उपवर मुलींना घेऊन निघालेल्या आया, नट, धर्मगुरू, जुगारी, सारेच हंगामात तिकडे धाव घेत. घोडागाडीचा तो प्रवास दोन दिवसांचा. दर आठदहा मैलांवर घोडे बदलावे लागत. एका जोडीचा दम तेवढाच. म्हणून सराई ही प्रथम घोड्यांची आणि मग माणसांची. गाडी आवारात शिरताच मोतद्दारांची धावपळ उडे. घामेजलेले घोडे सोडले जात, ताजे जुंपले जात, आणि तेवढ्या अवधीत उतारूने गरम काहीतरी घशाखाली घालून पुन्हा गाडीत चढावे. स्वतःच्या गाडीने येणारे श्रीमंत मात्र मुक्काम करीत. त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर शेगडी पेटलेल्या खोल्या, मेणबत्त्या आणि स्वच्छ अंथरुणे तयार असत. सराईची खरी प्राप्ती या खोल्यांतून होई.

या धाकट्या टॉमसच्या चरित्रकारांनी बापाची एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. डिव्हायझेसच्या दक्षिणेस सॉल्सबरीचे पठार पसरलेले आहे. मैलोन् मैल गवताळ उजाड माळ. झाड नाही, कुंपण नाही. धुक्यात किंवा बर्फात त्यावरचा रस्ता दिसेनासा होई आणि माणसे भरकटत. या सराईवाल्याने पदरमोड करून त्या माळावर ठरावीक अंतराने उंच खांब रोवले आणि ते पांढऱ्या रंगाने रंगविले, जेणेकरून वाट चुकलेल्याला एका खांबापासून दुसरा हेरता यावा. त्यातून त्याच्या सराईला गिऱ्हाईक मिळे, असे व्यवहारी माणूस म्हणेल, आणि ते खोटेही नाही. पण वाटसरूची चिंता वाहण्याचे ते काम केवळ गल्ल्याकडे पाहून होणारे नव्हते. ज्याला स्वतःची वाट आयुष्यभर सापडली नाही, त्याच्याच हातून परक्यांसाठी खांब रोवले जावेत, हा या कथेतील पहिला विरोधाभास.

दुसरा विरोधाभास घरात वाढत होता. थोरल्या लॉरेन्सला काव्याचे विलक्षण वेड. शेक्सपिअर, मिल्टन त्याला मुखोद्गत. पाहुणा जेवायला बसला की हा यजमान दारात उभा राहून काव्यपठण सुरू करी. पाहुणा कंटाळला आहे, हे त्याच्या ध्यानी येत नसे. मुलाला त्याने हेच शिकविले. पाच वर्षांचे ते देखणे पोर टेबलावर उभे राहून लांबलचक उतारे म्हणू लागले. आणि काव्याखेरीज त्याच्या बोटांत आणखी काही होते, हे लवकरच दिसले. कोणाचाही चेहरा पाहावा आणि कागदावर पेन्सिलीने उतरवावा. तोही असा की ओळख पटावी. मग बापाने नवी रीत पाडली. उतारूंपुढे मुलाला उभे करावे आणि विचारावे की, साहेबांना याच्या तोंडून काव्य ऐकायचे आहे की याच्या हातून चित्र काढून घ्यायचे आहे. 1775 साली केनियन नावाचे एक वकील पत्नीसह 'बेअर'मध्ये उतरले होते. ते पुढे इंग्लंडचे सरन्यायाधीश झाले. त्या दोघांची चित्रे या सहा वर्षांच्या मुलाने काढली. विख्यात नट डेव्हिड गॅरिक बाथच्या वाटेवर येथे थांबत. मुलाचे पठण ऐकून हा पुढे नट होईल की चित्रकार, असा प्रश्न त्यांना पडला म्हणतात.

मुलाला शाळा लाभली ती जेमतेम दोन वर्षे, सहाव्या वर्षापासून आठव्यापर्यंत. त्यानंतरचे सारे शिक्षण या सराईतच झाले. चित्रकाराला जे शिकायला वर्षे लागतात, ते येथे रोज दारात उतरत होते. गाडीचे दार उघडावे आणि त्यातून एक अनोळखी चेहरा बाहेर यावा, प्रवासाने शिणलेला, सावध नसलेला. तासाभराने तोच चेहरा मेणबत्तीच्या उजेडात, पोटात अन्न गेल्यावर सैल झालेला दिसावा. आणि सकाळी पावडर लावून, मुखवटा चढवून तो पुन्हा निघून जावा. माणसाचा चेहरा एकच नसतो, हे ज्ञान त्या मुलाला फार लवकर झाले असले पाहिजे. चेहरा थांबत नाही, म्हणून तो चटकन टिपला पाहिजे, हेही. पुढे त्याने जी चित्रे काढली, त्यांतील डोळ्यांत एक ओलसर चमक असते, माणूस नुकताच काही बोलून थांबला आहे असे वाटायला लावणारी. त्या चमकेचे मूळ शोधताना 'बेअर'च्या या जिन्यापाशी यावे लागते.

पण याच वर्षांची दुसरी बाजू झाकून ठेवता येत नाही. जे मूल पाहुण्यांपुढे रोज उभे केले जाते, ते खेळणारे मूल राहत नाही. उतारूला रिझविणे हे त्याचे काम होऊन बसते. समोरच्याला काय आवडेल, हे ओळखून तेवढेच दाखविण्याची सवय हाडीमाशी खिळते. लॉरेन्सच्या प्रौढ चित्रांवर टीकाकारांनी जो आरोप वारंवार केला, की तो बसणाऱ्याची खुशामत करतो, त्या आरोपाचीही मुळे याच जिन्यापाशी आहेत. बापाने दुष्टपणा केला, असे म्हणता येणार नाही. त्याला मुलाचा अभिमान होता. परंतु अभिमान आणि विक्री यांच्यामधली रेषा त्या घरात कोणी आखली नव्हती. आतिथ्य आणि व्यापार यांना वेगळे न ठेवणाऱ्या घराला ती आखता येणेही कठीणच होते.

1780च्या एप्रिल महिन्यातील एका रात्रीमुळे हे घर साहित्यात कायमचे राहिले. कादंबरीकार फॅनी बर्नी आपल्या मैत्रीण मिसेस थ्रेल यांच्यासोबत बाथला निघाल्या होत्या. दोनच वर्षांपूर्वी, 1778 साली, 'एव्हलिना' या पहिल्याच कादंबरीने बर्नी यांचे नाव झाले होते. मुक्काम 'बेअर'मध्ये पडला. संध्याकाळी पत्त्यांचा डाव रंगात असताना शेजारच्या खोलीतून पियानोचे सूर ऐकू आले. सराईत पियानो, आणि तोही चांगला वाजविलेला! चौकशी केली, तेव्हा वाजविणारी मालकाचीच मुलगी निघाली. मग घराची ओळख होत गेली. पुस्तके, चित्रे, संगीत यांनी भरलेले ते घर पाहून या लेखिकेला अचंबा वाटला. मालकीणबाई तर सराईच्या मालकिणीसारख्या वाटतच नव्हत्या. आणि घरातील खरे आश्चर्य शेवटी पुढे आले: धाकटा मुलगा आणि त्याची चित्रे. त्याला लंडनला नेऊन सर जॉशुआ रेनल्ड्स यांना दाखविण्यात आले होते आणि त्यांनी त्याची तोंडभरून वाखाणणी केली होती, असे आईने अभिमानाने सांगितले. बर्नी यांनी हे सारे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले.

त्या रात्री पियानो वाजत होता, तेव्हा त्याच छपराखाली देणेकऱ्यांची पत्रे साठत होती. बर्नी यांच्या मुक्कामानंतर थोड्याच काळात थोरल्या लॉरेन्सचा व्यवहार बुडाला आणि कुटुंबाला 'बेअर' सोडावे लागले. ज्या घरात पाहुण्याला पुस्तके, संगीत आणि काव्य वाढले जात होते, त्या घराच्या खतावणीत त्यांपैकी कशाचीच नोंद नव्हती; नोंद होती ती न फिटलेल्या देण्यांची. चौकातील रूथ पिअर्सने पैसे मुठीत धरून ठेवले आणि ती गेली. लॉरेन्सची मूठ कधी मिटलीच नाही, आणि तोही गेला. बाजाराला दोघांविषयी सारखीच तक्रार होती.

यानंतर कुटुंबाचा भार अकरा वर्षांच्या मुलावर आला. बाथ शहरात काही गिनी घेऊन तो खडूच्या रंगांत लोकांची चित्रे काढू लागला आणि त्यावर घर चालू लागले. ज्या बाथच्या वाटेवर तो लहानाचा मोठा झाला, तेथील माणसे आता त्याच्याकडे मुद्दाम येऊ लागली. 1784 साली लंडनच्या कलासंस्थेने त्याला राफाएलच्या एका चित्राच्या प्रतिकृतीसाठी पारितोषिक दिले. 1787 साली तो लंडनला गेला आणि आईबापही त्याच्यामागोमाग गेले. विशीत पदार्पण करतो न करतो तोच त्याने राणी शार्लट यांचे चित्र काढले. ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. 1792 साली रेनल्ड्स निवर्तले आणि राजाचा चित्रकार हे त्यांचे पद या सराईवाल्याच्या मुलाकडे आले. आईबाप दोघेही 1797 साली, काही महिन्यांच्या अंतराने वारले.

पुढची कथा युरोपच्या इतिहासाला लागून जाते. नेपोलियनच्या पराभवानंतर विजेत्या राजांची, सेनापतींची आणि मुत्सद्द्यांची चित्रे काढण्याचे काम इंग्लंडच्या युवराजाने लॉरेन्सकडे सोपविले. 1815 साली त्याला 'सर' हा किताब मिळाला. 1818 साली तो एक्स-ला-शापेलच्या परिषदेला गेला, तेथून व्हिएन्ना आणि मग रोम. पोप सातवे पायस त्याच्यापुढे बसले. मराठी वाचकाला 1803 सालच्या आसईच्या लढाईमुळे परिचित असलेले वेलिंग्टन याच हातांनी अनेकदा रंगविले. ही चित्रे आज विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनात एका रांगेत टांगलेली आहेत. दालन राजेशाही आहे, पण त्याची मांडणी ओळखीची वाटते. ठिकठिकाणांहून आलेले, एकमेकांशी फारसे सख्य नसलेले, एकाच छपराखाली काही काळ थांबलेले थोर लोक. आणि त्यांच्यामधून न दिसता वावरणारा, प्रत्येकाला खूश ठेवणारा यजमान. 'बेअर'च्या वरच्या मजल्यावर यापेक्षा वेगळे काय होते?

1820 साली तो रॉयल अकादमीचा अध्यक्ष झाला. इंग्लंडमध्ये त्याच्याइतके मानधन घेणारे चित्रकार थोडेच होते. तरीही जन्मभर तो कर्जात राहिला. जुगार नाही, व्यसन नाही. मग पैसा जाई कोठे, याचे कोडे त्याच्या मित्रांनाही सुटले नाही. एक वाट मात्र स्पष्ट दिसते. मायकेलअँजेलो, राफाएल अशा जुन्या थोरांची रेखाटने विकत घेण्याचे त्याला वेड होते आणि त्या काळचा तो एक अद्वितीय संग्रह होता. 7 जानेवारी 1830 रोजी तो वारला. सेंट पॉल्समध्ये मोठ्या समारंभाने त्याचे दफन झाले. त्या अंत्ययात्रेचे चित्र टर्नरने आठवणीतून काढले. आपला संग्रह राजाला आणि राष्ट्राला केवळ 18,000 पौंडांत द्यावा, अशी इच्छा त्याने मृत्युपत्रात नमूद केली होती. किंमत खऱ्या मोलापेक्षा कितीतरी कमी होती. ती स्वीकारली गेली नाही. संग्रह फुटला, त्यातील काही भाग पुढे 1840च्या दशकात ऑक्सफर्डच्या विद्यापीठाने मिळविला. उरलेल्या मिळकतीतून देणी कशीबशी फिटली. बापाने माळावर पांढरे खांब रोवले होते. मुलाने रेखाटने जमविली. दोघांनीही परक्यांसाठी काहीतरी उभे केले आणि दोघांचेही जमाखर्चाचे पान कोरडे राहिले.

'बेअर' मात्र राहिले. मालक बदलले, घोडे बदलत राहिले. 2 ऑगस्ट 1784 रोजी ब्रिस्टलहून बाथमार्गे लंडनला पहिली टपालगाडी सोळा तासांत धावली आणि रस्त्यांचा वेग वाढला. 1810 साली केनेट आणि एव्हन कालवा पुरा झाला. गावाच्या पश्चिमेस तो एकूण एकोणतीस दरवाजांच्या पायऱ्यांनी टेकडी चढतो. त्यांतील सोळा केन हिलच्या उतारावर एका सरळ रांगेत आहेत. नावा कोळसा आणू लागल्या. पण खरा घाव 1841 साली बसला. लंडन ते ब्रिस्टल लोहमार्ग पूर्ण झाला आणि तो डिव्हायझेसला उत्तरेकडे टाळून गेला. दोन दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. रस्त्यावरची धूळ बसली ती बसलीच. याच रस्त्यावर पूर्वेस मार्लबरो येथे 'कॅसल' नावाची आलिशान सराई होती. तिला गाशा गुंडाळावा लागला आणि 1843 साली त्या वास्तूत शाळा भरली, ती आजचे मार्लबरो कॉलेज. डिव्हायझेसला 1857 साली एक लोहशाखा मिळाली, पण 1966 साली तीही बंद झाली.

'बेअर' तगले ते गुरुवारच्या बाजारामुळे. दूरचा उतारू यायचा थांबला, तरी जवळचा शेतकरी येतच होता. सरदारांच्या खोल्या रिकाम्या राहिल्या, पण तळमजल्यावरचे बाक भरत होते. शेजारी धान्यबाजाराची इमारत उठली आणि तिच्या माथ्यावर धान्यदेवता सीरीसची मूर्ती बसली. एकेकाळी ज्या चार बायकांना एका पोत्यासाठी वर्गणी काढावी लागली, त्यांच्याच चौकात. थोरांच्या येण्याने सराईला नाव मिळते. पण तिला जिवंत ठेवतात ती रूथ पिअर्सच्या गावची माणसे.

माळावरचे पांढरे खांब केव्हाच गेले. आजचा प्रवासी डांबरी रस्त्याने झर्रकन निघून जातो आणि त्याला ते लागणारही नाहीत. चौकात स्तंभ उभा आहे आणि त्यावर मुठीतील पैशांची कथा वाचायला मिळते. रस्त्यापलीकडच्या घराची कथा अशी दगडात उतरलेली नाही. ती एका लेखिकेच्या रोजनिशीत एका रात्रीपुरती आहे, आणि विंडसरच्या भिंतीवरील कित्येक चेहऱ्यांच्या डोळ्यांतील त्या ओल्या चमकेत आहे. गाडी आवारात शिरली आहे, दार उघडले आहे, आणि जिन्याशी उभे असलेले एक पोर, शाळेत असायला हवे होते ते, हातात पेन्सिल घेऊन उतरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत आहे. काळे अस्वल खांबांवरून खाली पाहते आहे. आतून बापाचा आवाज येतो आहे. पोराने काव्य म्हणायचे की चित्र काढायचे, एवढेच पाहुण्याला ठरवायचे आहे.